बंगळूरला कामासाठी नाही, खायला आणि फिरायला: घरच्यांना घेऊन जायचंय

शहापूरची_सून

नमस्कार मंडळी. दसऱ्याच्या सुट्टीत घरच्या सगळ्यांना घेऊन बेळगावहून बंगळूरला जायचं म्हणतोय. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि मुलं. थोरली आठवीत, धाकटा तिसरीत.

आपल्याकडं बंगळूर म्हटलं की काय आठवतं? अडलेली फाइल, मोठा दवाखाना, कोर्टाची तारीख, नाहीतर कुणाची तरी मुलाखत. रात्रीच्या गाडीत बसायचं, सकाळी मॅजेस्टिकच्या स्टँडला उतरायचं, तोंड धुवायचं, काम उरकायचं आणि त्याच दिवशी परत फिरायचं. फिरायला म्हणून जायचं तर गोवा, आंबोली, कोल्हापूर; लांब जायचं तर पुण्या-मुंबईचे पाहुणे. माझे सासरे नोकरीत असताना बंगळूरला कितीतरी हेलपाटे घालून आलेत, पण त्यांनी तिथली लालबाग, एवढी मोठी बाग, अजून पाहिलेली नाही. परवा जेवताना सहज म्हणाले, "सगळं बंगळूर मी रिक्षातनंच बघितलं." ते ऐकल्यावर आमचं ठरलं.

तर माहीतगारांनी सांगा. राहायचं कुठल्या भागात? सासूबाईंचे गुडघे दुखतात, जिने फार नकोत. त्या शाकाहारी आहेत आणि डोसा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. सासऱ्यांना आणि मुलांना मटण, बिर्याणी हवी. मॉल आम्हाला नको, तो बेळगावातही आहे. जुनं शहर, जुनी हॉटेलं, झाडं, मुलांना काहीतरी शिकायला मिळेल असं ठिकाण, एवढं पुरे.

मल्लेश्वरम_मुक्काम

मी मूळची टिळकवाडीची, नोकरीमुळं बरीच वर्षं इथं आहे. तुमचा धागा बघून बरं वाटलं, कारण गावाकडनं येणारे सगळे माझ्याकडं एक रात्र टेकतात, काम करतात आणि जातात. त्यांना हेच सांगून सांगून थकले की एकदा बिनकामाचं या.

पहिली गोष्ट, अख्खं बंगळूर बघायचा हट्ट धरू नका. इथली वाहतूक खरंच वाईट आहे. सकाळी व्हाइटफिल्ड, दुपारी बन्नेरघट्टा असं केलंत तर म्हाताऱ्या माणसांचा दिवस गाडीच्या काचेतच संपेल. जुन्या शहराचे दोन तुकडे धरा: दक्षिणेला बसवनगुडी आणि उत्तरेला मल्लेश्वरम. 1898 च्या प्लेगच्या सुमारास जुन्या पेठांतली दाटी कमी करायला हे भाग वसवले, म्हणून रस्ते सरळ आणि झाडं मोठी. दोन्ही मेट्रोच्या हिरव्या मार्गावर आहेत. मल्लेश्वरमला संपिगे रोड स्टेशन, बसवनगुडीला नॅशनल कॉलेज स्टेशन, लालबागेचं स्वतःचं स्टेशन. मेट्रोत सरकते जिने आणि लिफ्ट दोन्ही आहेत, त्यामुळं गुडघ्यांची काळजी नको. स्टेशनाबाहेर रिक्षा मिळते.

राहायला बसवनगुडी किंवा जयनगर घ्या. सकाळ तिथली चुकवायची नाही.

आता खाणं. गांधी बाजारातलं विद्यार्थी भवन हे डोशाचं हॉटेल 1943 पासून चालू आहे. शुक्रवारी बंद असतं, आणि रोज दुपारी मधे काही तास बंद ठेवतात. शनिवार-रविवारी सकाळी आठच्या पुढं गेलात तर नाव सांगून फुटपाथवर ताटकळत उभं राहावं लागेल, सासूबाईंना ते जमायचं नाही. उजाडता उजाडताच जा. शंकरपुरमला ब्राह्मिन्स कॉफी बार आहे, 1965 चा. तिथं इडली, वडा, खाराभात म्हणजे तिखट उपमा, केसरीभात म्हणजे शिरा, आणि कॉफी, बस्स. सांबार मागू नका, ते करतच नाहीत. चटणी मात्र हवी तेवढी वाढतात आणि लोक त्या चटणीसाठीच येतात. बसायला जागा नाही, उभ्यानं खायचं.

लालबागेजवळचं एमटीआर म्हणजे मावळ्ळी टिफिन रूम्स. 1924 मध्ये उडुपीकडच्या मय्या बंधूंनी सुरू केलं. रवा इडली त्यांनीच काढली असं सांगतात: दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना, मग रव्याची करून बघितली. आज आपण घरी जी पाकिटातली रवा इडली करतो, त्या पाकिटांमागंही गोष्ट आहे. 1975 च्या आणीबाणीत हॉटेलांच्या दरांवर सरकारनं बंधन घातलं. त्या दरात चांगलं देता येईना, तर दर्जा उतरवायचा नाही म्हणून त्यांनी हॉटेल काही काळ बंद ठेवलं आणि तयार पिठं विकायला लागले. मला ही गोष्ट फार आवडते. तिथं दुपारचं जेवण घ्या, पण भूक ठेवून जा, वाढपी थांबत नाहीत.

आणखी एक. ऑक्टोबरमध्ये इथं संध्याकाळी पाऊस पडतो, आणि जोरदार पडतो. फिरायचं ते दुपारच्या आत.

निपाणीकर

गाडीनं जाणार की रेल्वेनं? गाडी असेल तर पुणे-बंगळूर हायवे सरळ आहे. कित्तूर, धारवाड, हुबळी, हावेरी, राणेबेन्नूर, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर. बेळगावातनं पाचशे किलोमीटरच्या आसपास. बंगळूरच्या डोशाचं कौतुक ठीक आहे, पण दावणगेरेत उतरून बेण्णे डोसा खाल्ल्याशिवाय पुढं जाऊ नका. वरून लोण्याचा गोळा, सोबत नारळाची पांढरी चटणी आणि बटाट्याची बिनहळदीची भाजी. माझ्या मते बंगळूरचा कुठलाच डोसा त्याच्यापुढं टिकत नाही. चित्रदुर्गचा किल्लाही वाटेवरच आहे. मुलांना ओनके ओबव्वाची खिंड दाखवा. हैदरअलीचे सैनिक ज्या चिंचोळ्या वाटेनं एकेक करून आत येत होते आणि ती मुसळानं त्यांना लोळवत होती, ती वाट अजून तशीच आहे. सासूबाईंना मात्र खाली सावलीत बसवा, किल्ल्यात पायऱ्याच पायऱ्या आहेत.

मल्लेश्वरम_मुक्काम

निपाणीकर, दावणगेरेचा डोसा वेगळा आणि विद्यार्थी भवनचा वेगळा. एक मऊ, लोण्यात भिजलेला. दुसरा तुपावर खरपूस भाजलेला. मल्लेश्वरमच्या सीटीआर हॉटेलातही बेण्णे डोसा मिळतो, तो खाऊन मग सांगा. पण घरात म्हातारी माणसं असतील तर एवढा लांब रस्ता गाडीनं नको, माझं मत रेल्वेलाच.

नंदगडकर

रेल्वेनंच जा. 10 ऑगस्ट 2025 पासून बेळगाव-बंगळूर वंदे भारत सुरू झाली आहे. पहाटे बेळगावातनं सुटते आणि दुपारी दोनच्या आत बंगळूरला पोचवते. आठवड्यात एक दिवस धावत नाही, तेवढं तारीख बघून काढा. तिकीट जास्त वाटत असेल तर रात्रीच्या गाड्या आहेतच. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसच.

मुलांना जाताना एक सांगा. आपण ज्या गाडीत बसतो तिला कित्तूरच्या राणीचं नाव आहे, आणि बंगळूरच्या ज्या स्टेशनात उतरतो त्याला तिच्या शूर शिपायाचं, क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णाचं. 1824 मध्ये कित्तूरनं इंग्रजांना पहिल्या झुंजीत हरवलं. राणी कैदेत गेल्यावर रायण्णानं रानात राहून लढा चालू ठेवला. 1831 मध्ये इंग्रजांनी त्याला आमच्या नंदगडला फाशी दिलं. त्याच्या समाधीवरच्या वडाच्या झाडाला नवस बोलून लोक पाळणे बांधतात. आमच्या खानापूर तालुक्यातल्या पोरांना हे तोंडपाठ असतं, पण बंगळूरच्या प्लॅटफॉर्मवर त्याच नावाची पाटी वाचताना छाती फुगते. कन्नड, मराठी काही असो, रायण्णा सगळ्यांचाच.

येळ्ळूरचा_गडकरी

इतिहासाचं कुणीच काढलं नाही म्हणून लिहितो. बंगळूर मराठी माणसाला परकं नाही. 1537 मध्ये केम्पेगौडानं शहर वसवलं. 1638 मध्ये विजापूरच्या आदिलशाहीच्या सरदारानं, रणदुल्लाखानानं ते जिंकलं आणि त्याच्याबरोबरच्या शहाजीराजांना जहागीर मिळाली. 1687 मध्ये मोगलांनी घेईपर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्धं शतक, बंगळूर भोसल्यांकडं होतं. जिजाऊ आणि बालशिवाजी काही काळ इथं राहिल्याचं इतिहासकार सांगतात. राजवाडा चिक्कपेठेच्या बाजूला होता, आता त्याची खूण उरलेली नाही.

खूण बघायची असेल तर मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वर मंदिरात जा. त्या देवावरूनच त्या भागाला नाव पडलं. शिवरायांचे सावत्र बंधू एकोजीराजे, ज्यांनी पुढं तंजावरला राज्य उभं केलं, त्यांनी 1669 मध्ये या देवाला गाव इनाम दिल्याचा शिलालेख आहे. समोर रस्त्यापलीकडं नंदीतीर्थ आहे: वरच्या नंदीच्या तोंडातनं पाण्याची धार खालच्या पिंडीवर पडत राहते. ते कितीतरी काळ मातीखाली गाडलेलं होतं, अलीकडं उकरून बाहेर काढलं.

आणि निपाणीकरांच्या रस्त्यानं गेलात तर दावणगेरेजवळ चन्नगिरी तालुक्यात होदिगेरे गाव आहे. 1664 मध्ये शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजे तिथं गेले. समाधी आहे. हायवे सोडून आत जावं लागतं, पण आपल्या माणसांनी जावंच. मी उभा राहिलो तेव्हा तिथं दुसरं कुणी नव्हतं आणि मला त्याचं वाईट वाटलं.

वडगावचा_खवय्या

सासऱ्यांच्या मटणाचं कुणी बोलेना! ताई, जयनगरला शिवाजी मिलिटरी हॉटेल आहे. तिथल्या जुन्या मराठा घराण्यानं चालवलेलं, 1935 पासूनचं. बंगळुरात मिलिटरी हॉटेल म्हणजे मांसाहारी खानावळ. तिथं पानाच्या द्रोणात बिर्याणी देतात. आपल्याला माहीत असलेली लांब तांदळाची, केशर घातलेली बिर्याणी नव्हे; बारीक जीरा सांबा तांदूळ, हिरवा मसाला, पुदिना-कोथिंबीर, आणि मटण हाडापासून सुटून येतं. दुपारी लवकर जा, संपली की संपली. रस्त्यावर गर्दीत उभं राहायची तयारी ठेवा.

शहापूरची_सून

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! सासऱ्यांना वाचून दाखवलं. शिवाजी मिलिटरी हॉटेल ऐकल्यावर त्यांनी आजच बॅग भरायला घेतली. वंदे भारतची तिकिटं काढली, जयनगरला खोल्या बघितल्या. दावणगेरे आणि होदिगेरे या वेळी नाही, सासूबाईंना एवढा प्रवास झेपणार नाही, पण नवऱ्यानं डायरीत लिहून ठेवलंय.

मल्लेश्वरम_मुक्काम ताई, मुलांसाठी काय? आणि साड्या कुठं घ्यायच्या? आमच्या सासूबाई शहापूरच्या मागावरच्या घरातल्या आहेत, माहेरी चार माग होते. त्या दुकानातल्या दिव्यांना भुलणाऱ्या नाहीत.

मल्लेश्वरम_मुक्काम

मुलांसाठी कस्तुरबा रोडवरचं विश्वेश्वरय्या म्युझियम. राइट बंधूंच्या विमानाची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे, यंत्रं स्वतः फिरवून बघता येतात, तिसरीतला पोरगा बाहेर यायला तयार होणार नाही. विश्वेश्वरय्यांचं इंजिनिअरिंगचं शिक्षण पुण्याचं, आणि नोकरीची सुरुवात मुंबई इलाख्यातली. खडकवासल्याच्या धरणावर आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनी 1903 मध्ये बसवले. म्हैसूरचे दिवाण ते नंतर झाले. शेजारीच कब्बन पार्क, तिथनं पुढं विधानसौध, म्हणजे राज्याचं विधानभवन. ही सगळी एका सकाळची ठिकाणं, जांभळ्या मार्गावरचं कब्बन पार्क स्टेशन धरा.

साड्यांना चिक्कपेठ. गल्ल्या अरुंद आहेत, आपल्या खडेबाजारात फिरलेल्या माणसाला अडचण नाही. अक्किपेठेत तांदूळ, अरळेपेठेत कापूस, कुंबारपेठेत कुंभार, अशी केम्पेगौडाच्या वेळची मांडणी नावांत अजून शिल्लक आहे.

शहापूरची_सून

आलो परत! सविस्तर लिहिते, कारण इथं सगळ्यांनी एवढ्या आपुलकीनं सांगितलं की नुसतं "छान झाली ट्रिप" म्हणणं बरोबर नाही.

सुरुवात विद्यार्थी भवनपासून. सकाळी दार उघडायच्या वेळेला गेलो, पंधरा मिनिटांत आत बसलो. जुनी बाकडी, भिंतींवर कन्नड साहित्यिकांची चित्रं. सासूबाई डोशापेक्षा वाढप्याकडंच बघत होत्या: त्याच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत डोशांच्या ताटल्यांची चळत, एकीवर एक चढवलेल्या, आणि उजव्या हातानं तो पत्ते वाटावेत तसा एकेक टेबलावर टाकत चालला होता. कुणी किती मागितले ते त्यानं लिहून घेतलं नव्हतं, पण एकाही टेबलावर चूक नाही. डोसा छोटा, जाडसर, बाहेरून तांबूस खरपूस आणि आत मऊ. चटणी पातळ, ती तो भांड्यातनं थेट ताटलीत ओततो. सासूबाईंनी पहिला घास घेतला, बोटांना लागलेलं तूप बघितलं आणि म्हणाल्या, "हात आखडला नाही बाई यांनी." दुसरा डोसा त्यांनी स्वतः मागवला. कन्नडमधनं. वाढप्यानं लगेच विचारलं, "धारवाडकडचे का तुम्ही?" बेळगाव म्हटल्यावर त्यानं चटणी पुन्हा एकदा फिरवली.

बाहेर गांधी बाजारात पूजेचं साहित्य, फुलांच्या माळा, केळीची पानं. दसरा तोंडावर, त्यामुळं झेंडूचे ढीग. तिथनं चालत बैलमंदिर. एकाच दगडातला केवढा तो नंदी! माणसापेक्षा कितीतरी उंच, तेलानं काळाभोर झालेला. धाकट्यानं त्याला एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जाऊन पुन्हा पुन्हा बघितलं.

लालबागेत आम्ही सगळ्यात जास्त वेळ काढला आणि तो कमीच पडला. 240 एकर. हैदरअलीनं 1760 मध्ये घालायला घेतलेली, टिपूनं वाढवलेली. काचघर 1889 चं, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या धर्तीवर. सासूबाईंना बॅटरीवरच्या गाडीत बसवलं, त्यामुळं त्यांना आतवर फिरता आलं. सासरे मात्र चालत निघाले ते थेट मधल्या त्या खडकावर. तीन अब्ज वर्षांचा खडक आहे असं तिथल्या पाटीवर वाचून थोरलीला ते पटेचना, कारण तिच्या पुस्तकात डायनोसॉर काही कोटी वर्षांपूर्वीचे. मग नवऱ्यानं तिला समजावलं की हा खडक डायनोसॉरच्याही कितीतरी आधीचा. तिनं बूट काढले आणि अनवाणी उभी राहिली. सासरे वर केम्पेगौडाच्या बुरुजाशी बसले होते. कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. मग नवऱ्याला म्हणाले, "इथनं दोन किलोमीटरवर मी लॉजमध्ये झोपायचो रे. कुणी सांगितलंच नाही."

हे वाक्य माझ्या मनातनं जात नाही. कुणी सांगितलं नाही, आणि विचारायला सवड नव्हती. आपल्या भागातल्या किती माणसांनी हे शहर असंच, फाइल काखेत मारून, डोकं खाली घालून बघितलं असेल. राजधानी आपली, कर आपण भरतो, मग तिथल्या झाडाखाली बसायचा हक्कही आपलाच आहे. सरकारी कामाला जाणाऱ्या प्रत्येकाला मी आता सांगणार आहे की परतीची गाडी रात्रीची काढा आणि मधला वेळ लालबागेत घालवा.

एमटीआरचं जेवण झालं. सासूबाईंना चांदीच्या पेल्यातनं आधी फळांचा रस दिला तेव्हा त्यांना लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखं वाटलं म्हणे. बिसीबेळे भात मुलांनी चाटून पुसून खाल्ला, एरवी घरी भाजी-भात बघून तोंड वाकडं करणारी मुलं. खरं सांगायचं तर आम्हाला पुढचं पुढचं वाढत गेले ते खाऊन होईना.

शिवाजी मिलिटरी हॉटेलात मी आणि सासूबाई गेलो नाही, आम्ही समोरच्या चहाच्या टपरीवर थांबलो. नवरा, सासरे आणि मुलं गेली. वडगावचा_खवय्या, तुमचं नाव काढून जेवले. सासरे म्हणाले मसाला आपल्या कोल्हापुरी बाजूचा नाही, तिखट कमी आणि मिरीचा वास जास्त, पण मटण असं शिजवायला घरातली बाईच लागते. गल्ल्यावर बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांशी ते मराठीतनं बोलले, समोरनं मराठीतच उत्तर आलं. थोडं जुन्या वळणाचं, मधे मधे कन्नड मिसळलेलं. निघताना ते उठून दारापर्यंत आले.

चिक्कपेठेत सासूबाईंनी आम्हाला गप्प बसवलं. दुकानदार पदर उलगडून झगमगाट दाखवतो, त्या काठ उलटा करतात. बोटाची पेरं काठाच्या मागच्या बाजूनं फिरवली, सुटे धागे लागले की साडी बाजूला. असं करत करत त्यांनी अर्धं दुकान बाजूला काढलं. शेवटी त्या माणसानं आतनं एक गठ्ठा आणला, समोर ठेवला आणि विचारलं, "आई, तुमच्या घरी माग होता का?" मग भावाची घासाघीस झालीच नाही. त्यानं सांगितला तो भाव, त्यांनी मागितली ती साडी. शहापूरचे माग आता किती बंद पडलेत ते तिथं बसून दोघं बोलत राहिले. विणकराची परीक्षा विणकरच करतो. ती साडी या दिवाळीत त्या नेसणार आहेत.

म्युझियम मुलांना आवडलं, त्यावर जास्त लिहीत नाही, ते त्यांनी त्यांच्या मित्रांना सांगून झालंय. विधानसौध रविवारी संध्याकाळी बघितलं, कारण रविवारी दिव्यांची रोषणाई असते. धाकटा म्हणाला, हे तर आपलं सुवर्णसौध! बेळगावच्या हलग्याजवळ हायवेवरनं जाता-येता त्याला 2012 चं ते पांढरं सौध दिसतं, त्याला वाटायचं मूळ तेच. सासऱ्यांनी त्याला दारावरची कन्नड ओळ वाचून दाखवली, सरकारचं काम म्हणजे देवाचं काम. 1956 ला ही इमारत पुरी झाली आणि केंगल हनुमंतय्यांनी ती उभी करवली हेही सांगितलं. एवढी वर्षं आत-बाहेर केलेला माणूस, त्याला कोपरा न्‌ कोपरा माहीत. कुठल्या दारातनं आत सोडायचे, कुठल्या झाडाखाली डबा खायचे. नातवंडं ऐकत होती आणि त्यांना सांगताना थकवा नव्हता.

काडू मल्लेश्वराच्या पायऱ्या सासूबाई हळूहळू चढल्या. नंदीतीर्थाची धार बघितली. येळ्ळूरच्या दादांनी सांगितलेलं सगळं थोरलीनं वहीत उतरवून नेलं होतं, तिनंच आम्हाला सांगितलं. वर्गात आता ती त्यावर बोलणार आहे.

पावसानं एक संध्याकाळ घेतली, व्हीव्ही पुरमची खाऊगल्ली राहिली. तेवढं एक मनात आहे.

वडगावचा_खवय्या

दारापर्यंत आले! वाचूनच पोट भरलं. आमच्या बाबांना घेऊन मीही जातो आता.

येळ्ळूरचा_गडकरी

थोरलीला माझ्याकडनं शाबासकी. वर्गात बोलताना एकोजीराजांचं तंजावरही सांग म्हणावं, तिथं मराठी राजांनी वाढवलेलं सरस्वती महाल ग्रंथालय अजून आहे.

नंदगडकर

सासऱ्यांचं ते वाक्य आमच्या घरात वाचून दाखवलं. माझे वडीलही तेच म्हणाले. त्यांनीही लालबाग पाहिलेली नाही.

ताई, व्हीव्ही पुरम राहिलं त्याची हुरहुर नको. आमचं कार्तिकात जायचं चाललंय. बसवनगुडीला शेंगांची जत्रा भरते म्हणतात, त्याची कुणाला माहिती आहे का?

मल्लेश्वरम_मुक्काम

कडलेकाई परिषे. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी, त्याच बैलमंदिराच्या रस्त्यावर. पूर्वी त्या भागात भुईमुगाची शेती होती आणि एक बैल येऊन शेंगा फस्त करायचा, म्हणून शेतकऱ्यांनी पहिलं पीक नंदीला वाहायला सुरुवात केली अशी कथा आहे. आता आसपासच्या जिल्ह्यांतनं शेतकरी पोती घेऊन येतात, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेंगांचे ढीग लागतात. रविवारपासूनच गर्दी होते. सोमवारी सकाळी लवकर या, आणि व्हीव्ही पुरम तिथनं जवळच आहे, संध्याकाळी तिकडं होळिगे, म्हणजे पुरणपोळी, आणि लोणी-गुलकंद खा. वाटेत व्हीबी बेकरीतनं काँग्रेस शेंगदाणे, म्हणजे मसाला लावलेले, घ्या.

शहापूरची_सून

सासूबाई विचारतायत, शेंगा कच्च्या मिळतात की भाजलेल्या?

मल्लेश्वरम_मुक्काम

कच्च्या, भाजलेल्या, मीठ घालून उकडलेल्या, तिन्ही. पिशव्या घरनंच आणायला सांगा, प्लास्टिकच्या देत नाहीत.

शहापूरची_सून

नंदगडकर, तुमची तिकिटं कधीची आहेत ते कळवा. एकाच गाडीत काढतो.